अप्पासाहेब भोसले यांचा प्रतिकार आणि वर्धेचा मुलूख

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. गादीवर असताना त्यांनी जे केले त्याहून गादी गेल्यावर त्यांच्या नावाने जे घडले ते अधिक महत्त्वाचे ठरले. आणि जे घडले त्यात त्यांच्या स्वतःच्या हालचालींचा वाटा उत्तरोत्तर कमी होत गेला. त्यांचा प्रत्यक्ष राज्यकारभार एप्रिल १८१७ ते मार्च १८१८ एवढाच, म्हणजे वर्षाहूनही कमी. डोंगरातील लढा सुमारे नऊ महिने. त्यानंतर १८४० साली जोधपूर येथे मृत्यू येईपर्यंतची एकवीस वर्षे त्यांनी तलवार उचलली नाही. तथापि त्यांच्या मृत्यूनंतर आठ-नऊ वर्षांनी वर्धा नदीच्या पश्चिमेस त्यांच्याच नावाने फौज उभी राहिली. या विसंगतीचा उलगडा केवळ त्यांच्या स्वभावातून होत नाही. तो प्रदेशांच्या घडणीतून करावा लागतो, आणि त्या दृष्टीने आजच्या वर्धा जिल्ह्याचा मुलूख हा या प्रकरणातील एक दुर्लक्षित पण निर्णायक घटक आहे.

आधी साधनांविषयी. अप्पासाहेबांसंबंधीचा जवळजवळ सर्व समकालीन पुरावा त्यांच्या प्रतिपक्षाच्या लेखणीतून उतरलेला आहे. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याची पत्रे, व्हॅलेंटाइन ब्लॅकर याचे १८२१ साली प्रसिद्ध झालेले लष्करी वृत्त, हेन्री प्रिन्सेप याचा १८२५ सालचा ग्रंथ ही त्यातील प्रमुख साधने होत. मराठीत काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर आहे खरी, पण तीही जेन्किन्सच्या सांगण्यावरूनच सिद्ध झाली. या साधनांत अप्पासाहेब भित्रे, कपटी व चंचल म्हणून रंगविले गेले आहेत. पुढे राष्ट्रीय चळवळीच्या काळात जे लेखन झाले त्यात नेमके उलटे घडले; त्याच घटना, त्याच तारखा, पण नायक धीरोदात्त. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली: १८१८-१९ चा उठाव हा अप्पासाहेबांनी घडवून आणलेला उठाव होता. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुबळे असल्यामुळे कारभार पुतण्याकडे, म्हणजे व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांचे पुत्र अप्पासाहेब यांच्याकडे आला. त्यांचे वय त्या वेळी वीस वर्षांच्या आसपास होते. दरबारातील विरोधी पक्षाला तोंड देण्यासाठी त्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. थोरल्या रघूजींनी जे आयुष्यभर टाळले ते पुतण्याने दोन महिन्यांत केले. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले. अप्पासाहेब त्या दिवशी चांद्यास होते. खुनाचा आरोप पुढे त्यांच्या पदच्युतीच्या वेळी पुढे करण्यात आला. २१ एप्रिल १८१७ रोजी ते गादीवर बसले आणि थोड्याच महिन्यांत त्यांचा कल पेशव्यांकडे झुकला. २४ नोव्हेंबर रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे स्वीकारली. २६ व २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डीची लढाई झाली. तिचे वर्णन अनेक ठिकाणी आहे, ते येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. डिसेंबरच्या मध्यास अप्पासाहेब रेसिडेंटच्या स्वाधीन झाले, तरी नागपुरातील अरबांनी शहर लगेच सोडले नाही. ते महिनाअखेरपर्यंत झुंजत राहिले. राजा शरण आणि त्याचे चाकर लढत आहेत, हे दृश्य या प्रकरणात प्रथम येथे दिसते. ते शेवटचे नव्हे.

६ जानेवारी १८१८ च्या करारान्वये अप्पासाहेबांना गादी परत मिळाली; मात्र नर्मदाकाठचा मुलूख आणि गाविलगड, नरनाळा यांसह वऱ्हाडातील उरलेसुरले हक्क गेले. राज्यकारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने चालावयाचा होता. १५ मार्च रोजी पेशव्यांशी पुन्हा संधान बांधल्याच्या आरोपावरून जेन्किन्सने त्यांना कैद केले.

येथे वर्ध्याच्या मुलखाकडे वळले पाहिजे. त्या काळी वर्धा नावाचा जिल्हा नव्हता. तो १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, आणि वर्धा शहर त्यानंतर, १८६६ साली, पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविले गेले. १८१८ साली हा सारा भाग भोसल्यांच्या राज्यातील घाटाखालचा मुलूख होता. देवळी, हिंगणघाट, आर्वी, आष्टी, पवनार, नाचणगाव ही त्यातील नावाजलेली गावे. उत्तरेस आर्वी-आष्टीच्या बाजूस सातपुड्याच्या अखेरच्या पायऱ्या उतरतात. त्याच दिशेने पुढे गेले की मुलताई व बैतूलचे पठार लागते, आणि त्यापलीकडे महादेवाचे डोंगर. दक्षिणेस मात्र धाम, बोर, वेणा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी, कापसाची, उघडी जमीन आहे. घोडदळाला पावसाळ्याखेरीज इतर ऋतूंत ती अंगणासारखी. पश्चिमेची वर्धा नदी हे १८०३ पर्यंत राज्याच्या आतले पात्र होते. त्या वर्षी डिसेंबरमध्ये देवगावच्या तहाने नदीपलीकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला आणि नदी ही दोन राज्यांमधली सीमा झाली. एका काठावरचा फरारी दुसऱ्या काठावर गेला की सत्ता बदलत असे. या साध्या गोष्टीचे परिणाम पुढे अर्धशतकभर दिसत राहिले.

गावोगावच्या गढ्या ही या मुलखाची दुसरी खूण. मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, आत पाटलाचा वाडा, धान्याची पेवे आणि विहीर. या गढ्या राजासाठी बांधलेल्या नव्हत्या. पेंढाऱ्यांची धाड आली की गावाने गुरेढोरे आत घेऊन दार लावावे यासाठी त्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात भोसल्यांचे राज्य पेंढाऱ्यांनी वारंवार लुटले. १८११ मध्ये त्यांनी खुद्द नागपूरची एक पेठ जाळली. गावाचे रक्षण राजा करीत नाही, ते गावानेच करावयाचे, ही जाणीव या भिंतींत थापलेली आहे.

हिंगणघाटचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. वेणेच्या काठचे हे गाव नागपूर व चांदा यांच्या साधारण मध्यावर येते. चांदा हा भोसल्यांचा दक्षिणेकडील बळकट कोट. गोंड राजांनी बांधलेला तो लांबरुंद तट अजून उभा आहे. १८१८ च्या वसंतातील साऱ्या मनसुब्यांचा केंद्रबिंदू हाच कोट होता. दुसरे बाजीराव २० फेब्रुवारी रोजी सोलापूरकडील आष्टीच्या लढाईत बापू गोखले यांना गमावून पूर्वेकडे निघाले होते. (ही आष्टी वेगळी आणि १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाने प्रसिद्ध झालेली वर्धा जिल्ह्यातील आष्टी वेगळी, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा घोटाळा नेहमी होतो.) त्यांचा रोख चांद्याकडे होता. अप्पासाहेबांनी नागपुरातून निसटून चांद्यास जावे, पेशव्यांनी वर्धा नदी ओलांडून तेथे यावे आणि दोन्ही सत्ता एका तटाआड एकत्र व्हाव्यात, असा हा बेत. भोसल्यांचे सरदार गणपतराव आधीच पेशव्यांना जाऊन मिळाले होते.

बेत फसला तो या मैदानात. अप्पासाहेब १५ मार्चलाच कैदेत पडल्याने अर्धा डाव संपला. एप्रिलच्या आरंभी कर्नल स्कॉटच्या तुकडीने पेशव्यांच्या आघाडीच्या स्वारांना वणीच्या बाजूस रोखले. कर्नल अ‍ॅडम्स आपली फौज घेऊन हिंगणघाटास आला आणि तेथून नैर्ऋत्येस सरकला. पश्चिमेकडून जालन्याची डव्हटनची फौज येत होती. १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे अ‍ॅडम्सने पेशव्यांना गाठले आणि त्यांच्या उरल्या सैन्याची दाणादाण उडविली. लढाई वर्धा नदीपलीकडे, आजच्या यवतमाळ जिल्ह्यात झाली हे खरे. पण ती शक्य झाली ती हिंगणघाटच्या तळामुळे. नागपूर, चांदा व वऱ्हाड या तिन्ही दिशांना तेथून सारख्याच सुलभतेने जाता येत होते, आणि सभोवारचा मुलूख फौजेला दाणावैरण पुरविण्याइतका सुपीक होता. मे महिन्यात चांदाही पडले; किल्लेदार गंगासिंग लढता लढता मारला गेला. ज्या राजासाठी त्याने कोट लढविला तो राजा तोवर शेकडो मैल दूर होता. बाजीराव ३ जून रोजी माल्कमच्या स्वाधीन झाले.

अप्पासाहेबांना प्रयागच्या किल्ल्यात ठेवण्याचे ठरले होते. कॅप्टन ब्राऊनच्या पहाऱ्याखाली त्यांना उत्तरेकडे नेत असता १३ मे १८१८ च्या पहाटे, जबलपूरच्या अलीकडील रायचूर येथील मुक्कामातून, पहाऱ्यावरील काही शिपायांना वश करून व शिपायाच्याच वेषात ते निसटले. हर्रईकडून ते महादेवाच्या डोंगरांत गेले. तेथील गोंड जमीनदारांनी, विशेषतः हर्रईच्या चैनशहाने, त्यांना आश्रय दिला. पुढे पेंढाऱ्यांचा सरदार चितू आणि विखुरलेले अरब सैनिक येऊन मिळाले. जुलै १८१८ मध्ये बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्स याची तुकडी घेरली जाऊन तो स्वतः व बहुतेक शिपाई मारले गेले. त्यानंतर मुलताईही अप्पासाहेबांच्या पक्षाच्या हाती गेली. पूर्वेस कामठ्याच्या चिमणा पाटलाने लांजीच्या बाजूस बंड उभारले. पावसाळा सुरू झाला होता. डोंगरी वाटा बंद, नद्या भरलेल्या, तोफा चिखलात. काही आठवडे असे वाटले असावे की नागपूरचे राज्य पुन्हा उलटेल. इंग्रजांनी मात्र आधीच, २६ जून रोजी, दुसऱ्या रघूजींच्या अल्पवयीन दौहित्राला तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसविले होते आणि कारभार जेन्किन्सच्या हाती होता. फरारी राजाला गादी रिकामी सापडू नये, हा त्यातील हेतू उघड आहे.

आता प्रश्न असा की डोंगरातले हे लोक कोणासाठी लढत होते? महादेवाच्या डोंगरांतील गोंड प्रमुखांचे उत्पन्न शेतीपेक्षा घाटवाटांवरील हक्कांतून येत असे. वाटसरूंना व बंजाऱ्यांच्या तांड्यांना सुखरूप उतरवून देण्याबद्दल ते दस्तुरी घेत, आणि कधी ती दिली नाही तर खालच्या गावांवर उतरत. भोसल्यांच्या राज्यात हे चालत आले होते. मोठे राज्य दूर होते आणि डोंगरांवर त्याची हुकमत नाममात्र होती. जानेवारी १८१८ च्या कराराने नर्मदाकाठ इंग्रजांकडे गेला, तेव्हा ही दूरची हुकमत जवळ येणार हे त्यांनी ओळखले असल्यास नवल नाही. अरबांचे प्रकरण त्याहून सरळ होते. पगारी फौजेचे नवे मालक त्यांना ठेवणार नव्हते. नोकरी सुटलेल्या सैनिकाला युद्ध चालू राहणे हाच उदरनिर्वाह. चितूची स्थिती तर याहूनही हताश होती. या सर्वांना एका नावाची गरज होती, आणि सेनासाहेबसुभा हे पद धारण केलेला भोसला डोंगरात आपल्या पायांनी चालत आला होता. पुढे बंडाचा मोड झाल्यावर इंग्रजांनी या गोंड प्रमुखांपैकी अनेकांशी स्वतंत्र व्यवस्था केली आणि घाटवाटांच्या हक्कांबद्दल नेमणुका बांधून दिल्या. त्यानंतर महादेवाचे डोंगर कित्येक वर्षे शांत राहिले. मागणी काय होती ते या उपायावरून कळते.

मग वर्ध्याचे मैदान का उठले नाही? डोंगर पेटलेला असता व मुलताईपर्यंत बंडाचा पक्ष आलेला असता, तेथून काही मजलांवर असलेल्या आर्वी-आष्टीने, देवळी-हिंगणघाटने हात पुढे केला नाही. इंग्रज लेखकांनी याचे श्रेय जेन्किन्सच्या कारभाराला दिले आहे. ते पटण्यासारखे नाही, कारण १८१८ च्या उन्हाळ्यात तो कारभार सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. उघड्या मैदानात लपण्यास जागा नाही हे कारण खरे, पण अपुरे; मैदानी मुलखातही उठाव झाल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात थोडी नाहीत. खरे कारण गढ्यांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. वर्ध्याचा पाटील ज्यांच्या भीतीने गढीची भिंत दरसाल लिंपीत होता त्या पेंढाऱ्यांचाच एक म्होरक्या, चितू, आता राजाच्या उजव्या हाताला बसला होता. राजा परत आला तर त्याच्याबरोबर कोण येणार, हा प्रश्न दिल्लीच्या किंवा पुण्याच्या राजकारणाचा नव्हता; पेवातल्या ज्वारीचा होता. जे साहाय्य अप्पासाहेबांना डोंगरात तगवीत होते त्याच साहाय्याने त्यांना मैदान बंद केले. त्यांचे दुर्दैव म्हणावे तर ते येथे आहे, रायचूरच्या किंवा सीताबर्डीच्या प्रसंगात नव्हे. शिवाय थोरल्या रघूजींच्या अखेरच्या वर्षांत, वऱ्हाड व कटक गेल्यामुळे आलेली तूट भरून काढण्यासाठी, रयतेवर जी जबर वसुली झाली तिची आठवणही ताजी होती. भोसल्यांविषयीची ममता नागपूरच्या पेठांत व सरदारांच्या वाड्यांत जेवढी होती तेवढी ती काळ्या मातीत असण्याचे कारण नव्हते.

पदच्युत राजपुत्र रानात जातो, तेथील रांगडे लोक त्याला आपला नेता मानतात आणि त्यांच्या बळावर तो परत येऊन सिंहासन घेतो, हा कथाबंध जगभरच्या कल्पित साहित्यात सापडतो. १९६५ साली प्रसिद्ध झालेली फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही विज्ञानकादंबरी याचे अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणता येईल. तिच्यातील घटना दूरच्या भविष्यकाळात, एका वाळवंटी ग्रहावर घडतात. घराण्याचा घात झाल्यावर वारस पॉल वाळवंटात पळतो, तेथील फ्रेमेन जमात त्याला स्वीकारते आणि तिच्या साहाय्याने तो सम्राटाला नमवितो. इतिहासाच्या अभ्यासकाला या कादंबरीतील एक तपशील विशेष महत्त्वाचा वाटावा: वाळवंटातील लोक नायकाला ओळखतात ते त्याच्या पराक्रमावरून नव्हे, तर असा कोणी येणार ही आख्यायिका त्यांच्यात फार पूर्वी हेतुतः पेरली गेलेली असते म्हणून. नाव आधी, माणूस नंतर. अप्पासाहेबांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. माणूस १८१८ मध्ये आला, तेव्हा त्याच्याभोवती आख्यायिका नव्हती. ती माणूस निघून गेल्यावर तयार झाली. इतिहासातील जे नेते अशा मुलखात दीर्घकाळ टिकले त्यांच्यापाशी आख्यायिकेहून अधिक काही होते. अल्जीरियाच्या अब्दुल कादिरने १८३२ पासून १८४७ पर्यंत फ्रेंचांशी झुंज दिली. पण त्याने करवसुली, न्याय व शस्त्रांचे कारखाने यांची घडी बसविली होती. लिबियाचा उमर मुख्तार १९३१ साली फाशी गेला तोवर वीस वर्षे इटालियनांशी लढला, तो सनुसी पंथाच्या झावियांच्या जाळ्यावर. अप्पासाहेबांना महादेवाच्या डोंगरात अशी कोणतीही संस्था लाभली नाही आणि ती उभी करण्याचा प्रयत्न त्यांनी केल्याचे दिसत नाही. ते तेथे पाहुणे होते.

फेब्रुवारी १८१९ मध्ये इंग्रजांच्या तुकड्या अनेक बाजूंनी डोंगरात शिरल्या. अप्पासाहेब चितूसह अशीरगडाकडे निसटले. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने त्यांना आसरा दिल्याचे निमित्त होऊन इंग्रजांनी त्या गडास वेढा घातला. ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला, पण आत अप्पासाहेब नव्हते. चितूला जंगलात वाघाने मारले. अप्पासाहेब वेष पालटून उत्तरेकडे गेले, लाहोरास रणजितसिंहांच्या राज्यात पोहोचले, पुढे मंडीच्या डोंगरी संस्थानात राहिले, आणि १८२९ च्या सुमारास मारवाडात आले. ज्या राजाचा लढा साग-सालाच्या दाट रानात झाला त्याचे उरलेले आयुष्य थरच्या वाळवंटाच्या उंबरठ्यावर गेले.

जोधपूरचा राजा मानसिंग हा नाथपंथाचा निस्सीम भक्त. शहराच्या तटाबाहेर त्याने नाथांचे महामंदिर बांधले होते, आणि जो त्याच्या आवारात शिरला त्याला कोणी हात लावू नये असा त्या स्थानाचा मान होता. अप्पासाहेब तेथे राहिले. इंग्रजांनी त्यांची मागणी केली. मानसिंगाने १८१८ साली इंग्रजांशी मांडलिकीचा तह केलेला होता, तरीही शरण आलेल्याला स्वाधीन करणे आपल्या धर्मात बसत नाही असे सांगून त्याने नकार दिला. कंपनी सरकारने अखेर फार ताणले नाही. १८३२ मधील बेंटिंकच्या अजमेर दरबारास मानसिंग गेला नाही. १८३९ साली कर्नल सदरलँडने फौज आणून जोधपूर काही महिने ताब्यात ठेवले. त्या वेळीही पदच्युत भोसला मारवाडातच होता आणि त्याच्यापासून भय असे कोणाला वाटले नाही. वाळवंटाने त्यांना अभय दिले, सैन्य दिले नाही. मारवाडच्या राठोडांचे इंग्रजांशी भांडण होते, परंतु ते त्यांचे स्वतःचे होते. त्यासाठी नागपूरच्या नावाची त्यांना आवश्यकता नव्हती. १८४० साली अप्पासाहेब वारले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आणि १८४८-४९ मध्ये वऱ्हाडात अप्पासाहेब प्रकटले. आपण नागपूरचे पदच्युत राजे आहोत असे सांगणाऱ्या एका इसमाभोवती रोहिल्यांच्या टोळ्या गोळा झाल्या. सातपुड्याच्या बाजूच्या काही जमीनदारांचा त्याला पाठिंबा मिळाला. निजामाच्या कंटिंजंट फौजेला त्याच्याविरुद्ध प्रत्यक्ष लढावे लागले आणि १८४९ मध्ये तो पकडला गेला. इंग्रज कागदपत्रांत त्याचा उल्लेख तोतया असा येतो आणि विषय तेथेच संपतो. मराठ्यांच्या इतिहासाला तोतये नवीन नाहीत. पानिपतानंतरच्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. पण भाऊंच्या तोतयाला पेशवाईतील गृहकलहाचा आधार होता. वऱ्हाडच्या तोतयाला कोणता? नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी तीस वर्षे बसलेले होते. रोहिल्यांना भोसल्यांविषयी जिव्हाळा असण्याचा संभव नाही. निजामाच्या राज्यात पगार थकले होते, सावकार व ताल्लुकेदार यांच्या वसुलीच्या झटापटींत रोहिले भाड्याने वापरले जात होते, आणि याच थकबाकीपोटी पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवावा लागला. ही सारी अंदाधुंदी होती तशी नुसती लूट ठरली असती. अप्पासाहेबांच्या नावाने तिला राज्यावरील हक्काचे रूप आले. १८१८ मध्ये गोंडांना व अरबांना ज्याचा उपयोग झाला त्याचाच १८४९ मध्ये रोहिल्यांना झाला, आणि या वेळी तर मूळ माणसाची गरजही उरली नव्हती. पूर्वीचे गृहीत येथे कोसळते: ज्या प्रतिकाराला अप्पासाहेबांचा प्रतिकार म्हणतात तो त्यांच्यावाचूनही चालू शकत होता.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हे प्रकरण नदीच्या पश्चिम काठावर घडले. पूर्व काठावर, खुद्द भोसल्यांच्या राज्यात, जेथे त्या नावाचा अर्थ सर्वांत जास्त असावयास हवा होता तेथे, तोतयासाठी कोणी उठल्याचे दिसत नाही. देवळी-हिंगणघाटच्या बाजारांत त्या सुमारास कापसाचा व्यापार वाढत होता. गढ्यांची दारे आता रात्रीही उघडी राहू लागली होती. १८०३ च्या तहाने आखलेली सीमारेषा दोन भिन्न अनुभवांची सीमा झाली होती.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. ही घटना नागपूरकरांच्या मनाला झोंबली, आणि १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे यांनी जी आशा धरली ती या जखमेवरच. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी नर्मदा ओलांडली. महादेवाच्या डोंगरांच्या कडेने ते मुलताईस आले, म्हणजे अप्पासाहेबांचा पक्ष चाळीस वर्षांपूर्वी जेथवर पोहोचला होता नेमके तेथवर. समोर आर्वीच्या बाजूने उतरणारे खोरे होते आणि त्यापुढे भोसल्यांचा जुना मुलूख. इंग्रजांच्या फौजांनी घाट रोखून धरले होते हे खरे, पण खालूनही कोणी हाक दिली नाही. तात्यांनी काही दिवस वाट पाहिली, आणि मग तापीच्या खोऱ्याने ते पश्चिमेकडे वळले.